गुळाच्या काट्यावरचे हाजी

भर गल्लीत एका हाजीला खिसे रिकामे करायला लावणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच असेन. तेव्हा मी नवी सून होते. अक्कल माहेरी विसरून आले होते, जीभ तेवढी सोबत आणली होती. आणि ते हाजी म्हणजे आमचे शेजारी, गूळबाजारात जन्मभर तोलाई केलेले चाचा. माणसाचं बरं-वाईट काट्यावर घालून सांगणारा असा दुसरा माणूस अल्लानं घडवला नसावा.

हजहून आलेला माणूस तिथल्या हालांबद्दल अवाक्षर काढत नसे. कुरकुर केली की सवाब, म्हणजे पदरचं पुण्य, घटतं असं गल्लीत मानत. बोटीत आतडी पिळवटेपर्यंत ओकलेला माणूसही "अल्लाचं करम हाय" म्हणून गप्प बसे. चाचांना हे पटत नसे. "हाजी बोलत न्हाई, मग काट्याला इचारायचं की!" म्हणून जाण्याआधी आणि आल्यावर ते प्रत्येकाला दारातल्या जुन्या तराजूत मांडी घालून बसवत. समोरच्या पारड्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. गळ्यातले हार आधी उतरवायचे. फुलांचं वजन सुखात धरायचं नाही, हा त्यांचा कायदा. एक अत्तरवाला रोडावून आला, तर त्याच्या घरी रोज पाय्याचं सूप पाठवून त्यांनी त्याचं पारडं खाली आणलं. एक तंबाखूवाला मात्र फुगून आला. चाचांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "ह्यो हजला गेलता का सोयऱ्याकडं?"

मग एका साली चाचांचाच नंबर लागला. चाचीचा लागला नाही. तिनं पुढल्या साली भावाबरोबर जायचं ठरलं. पण तिला दम लागायचा. मुलगे म्हणाले, "अब्बा कसं येत्यात बघू, मग अम्मीचं ठरवू."

चाचा आले. गाल आत गेलेले. तरी शेरवानी चढवून ऐटीत पारड्यात बसले. समोर जातानाचेच रवे ठेवले, आणि चाचांचं पारडं धप्पकन खाली! "बघा, वाढूनच आलोय!" उंबऱ्यातल्या चाचीनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मला शेरवानीचे खिसे लोंबताना दिसले.

"चाचा, हार चालत न्हाईत, मग खिसं कसं चालत्यात?" मी ओरडले. गल्ली खदखदून हसली.  चाचा खिशातून एकेक लोखंडी माप काढून खाली ठेवू लागले. प्रत्येक मापागणिक ते वर वर जात होते. शेवटी पारडं अधांतरी डुलायला लागलं, तेव्हा हसायला कुणी उरलं नव्हतं.

थोरल्या मुलानं नकारार्थी मान हलवली. चाचीचं जाणं तिथंच थांबलं, पुढंही कधी झालं नाही. आता जिना चढताना मलाही दम लागतो. नातवंडं विचारतात, "आजी, बरी आहेस ना?" मी म्हणते, बरी आहे. माझेही खिसे मापांनी भरलेले असतात.

त्या संध्याकाळी मी मोरीत तोंड लपवून भांडी घासत बसले होते. चाची आली. माझ्या ओल्या हातावर चाचांनी आणलेला खजूर ठेवून म्हणाली, "रडू नको गं. तुझी नजर चांगली हाय. ह्येंच्या खिशाकडं बघितलंस, माझ्या तोंडाकडं बघायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं बघ."