भाकरीच्या तव्यावर अंड्याचा टोस्ट

मंडळी, आज सकाळपासून जिवाला घोर लागलाय.

तापातून उठलेली नात दोन दिवस काही खात नव्हती. आज म्हणाली, "आजोबा, अंडा-चीज टोस्ट द्या." सून कामावर, बायको देवळात. बायको माळकरी, म्हणून आमच्याकडं अंडं परसात वेगळ्या तव्यावर होतं. तो तवा काही सापडेना. शेवटी घाबरत भाकरीच्याच तव्यावर पाव भाजला, अंडं ओतलं, वर चीज किसलं.

दोन टोस्ट खाऊन नात म्हणाली, "लई भारी! अजून एक."

तेवढ्यात बायको दारात. "आवो, माझ्याच तव्यावर?" मग नातीकडं बघून म्हणाली, "आता बघत काय बसलाव? पोरीला तिसरा द्या."

दुपार झाली. तिनं भाकरी केली न्हाय, उपाशीच बसलीय. तवा घासून चालेल, का परंड्याहून नवा आणावा? तिला विचारायचा धीर होत न्हाय. तुम्हीच सांगा.