भाऊबीजेला आलेले वकील

लालबागच्या खोलीचे कागद तपासायला मी मुंबईतला सर्वांत संथ वकील शोधला, असं बायको म्हणे. ते प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत आणि मध्येच डोळे मिटून घेत. विकणाऱ्याने आपण वडिलांचे एकटेच वारस असल्याचं लिहून दिलं होतं. वकील म्हणाले, "व्यवहार दिवाळीनंतर."

"अहो साहेब, तोवर दुसरं गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. त्यालाही फराळ द्या."

भाऊबीजेला ते चाळीत आले आणि विकणाऱ्याच्या दारासमोर, शेजाऱ्याच्या खुर्चीवर पेपर उघडून बसले. दुपारपर्यंत ओवाळायला दोन सख्ख्या बहिणी येऊन गेल्या. वकिलांनी नमस्कार करून दोघींचे पत्ते घेतले. पुढे त्या बहिणींनी आपापला वाटा घेऊन सह्या केल्या, म्हणून आमच्या घराला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

वास्तुशांतीच्या पंगतीत मात्र मी सांगितलं, की ही युक्ती माझी. ती माझी नव्हती, हे आज लिहून देतो. वकील तिथेच जेवत होते. शांतपणे म्हणाले, "असा अशील मिळाला की वकिलाने नुसतं जेवावं."

तेव्हापासून रस्त्यात दिसलो की ते मला "काय वकीलसाहेब" म्हणून हाक मारतात. मी निमूट ओ देतो.