गळ्याएवढं पाणी

माझ्या काकांना सगळा धक्का 'लांब्या' म्हणायचा. घरातल्या प्रत्येक चौकटीवर त्यांच्या कपाळाचा तेलकट डाग होता. "वर हवा कशी आहे?" असं त्यांना तोंडावर विचारायची हिंमत फक्त माझ्या बाबांची, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची. बाबा त्यांच्या हनुवटीला लागायचे.

आमच्या बंदराचं तोंड उथळ. तिथली वाळू एका जागी बसेल तर शपथ! एका वादळात वाट वीस हात डावीकडे, पुढच्या वादळात भलतीकडेच. म्हणून रोज पाणी पुरतं उतरलं की काका कमरेला दोर बांधून त्या वाटेत उतरायचे. दोराचं दुसरं टोक होडीत बसलेल्या बाबांच्या हातात. काका पायांनी तळ चाचपत चालायचे, वाटेच्या दोन्ही कडांना लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवायचे आणि सगळ्यात उथळ जागी थांबून ओरडायचे, "छाती!" किंवा "गळा!" झालं माप. गळा असला की भरलेल्या बोटींनी अर्ध्या भरतीला आत यायचं. छाती असली तर पूर्ण भरती होईपर्यंत बाहेर थांबायचं. ऑफिसात भिंतीवर नकाशा होता, पण त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे.

पंचवीस वर्षांत काकांनी एक खाडा केला नाही. मग एकदा ते तापाने फणफणले. आदल्या दिवशी वादळ होऊन गेलेलं, आणि बाहेर त्यांच्याच मुलाची, आमच्या दादाची बोट मालाने भरून उभी होती. बाबा म्हणाले, "तू पडून राहा, मी उतरतो."

तासाभराने बाबा ओलेचिंब होऊन आले. चेहरा खुललेला. "गळा आहे!" काकांनी पडल्यापडल्याच वायरलेस उचलला. "गळा. अर्ध्या भरतीला ये." दादाने बापाचा आवाज ओळखला आणि निघाला.

मी धक्क्यावर होते. काठ्यांच्या बरोबर मधून बोट आली आणि एकदम थबकली. दादा सुकाणूवर वाकलेला दिसला. मग मागून लाट आली, बोट आडवी झाली, पुढच्या लाटेने ती कलंडली. बाकीचे तिघं पोहत आले. दादा दुसऱ्या दिवशी सापडला.

लोकांनी बाबांच्या नावाने बोटं मोडली. बाबा दारू पिऊन उतरले होते, काठ्या चुकीच्या रोवल्या, काय वाटेल ते बोलले. मला त्या लोकांचा आजही संताप येतो. काठ्या अचूक होत्या. मापही खरं होतं.

चौथ्या दिवशी काका आमच्या खोलीत आले. त्यांनी बाबांना चौकटीला टेकवून उभं केलं आणि बाबांच्या गळ्याशी खिळ्याने रेघ मारली. मग स्वतः टेकून दुसरी मारली. दोन रेघांच्या मध्ये हात ठेवला. एक वीत.

"कुणाचा गळा, हे मी विचारायला हवं होतं," काका म्हणाले. "तुझा काय दोष? तू तुझा सांगितलास."

त्यांनी बाबांच्या एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते गाल पुढे करून उभे होते.

त्यानंतर काका खुणा केलेला बांबू घेऊन पाण्यात उतरू लागले आणि आकडा ओरडू लागले. काकू दादाच्या वयाच्या कुठल्याही माणसाशी पुन्हा बोलल्या नाहीत. बाबा दोर धरायचे, तो हाताला दोन वेढे देऊन. कातडी सोलवटायची, तरी सोडायचे नाहीत. घरात मात्र त्यांचा आवाज कायमचा उतरला.

बावीस वर्षं गेली. काका पाठीतून वाकले, काठी टेकत चालू लागले. परवा ते आमच्या खोलीच्या त्याच दारातून आत आले आणि मध्येच थांबले. डोकं लागलं नव्हतं. ते मागे वळले, चौकटीला टेकले आणि बाबांना म्हणाले, "बघ रे, कुठे येतो?"

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. काकांचा गळा खालच्या रेघेवर आला होता.

काकांनी स्वतःच बोटाने ती रेघ चाचपली.

"तेव्हा एवढाच असतो तर," ते म्हणाले.