चढणीवरची उलटी मोटर

धाकू मयेकर चढणीवर मोटर उलटी नेत असे. टाकी काठोकाठ भरलेली असली तरीही. चढण आली की गाडी फिरवायची, मान मागे वळवायची आणि इंजिन उताराकडे ठेवून वर जायचं. उतारू आधी हसत, मग त्यांना मळमळे. रत्नागिरीने त्याचं नाव 'उलटा धाकू' ठेवलं. त्याने तक्रार केली नाही.

हे वेड अगदीच बिनबुडाचं नव्हतं. तेव्हाच्या त्या मोटरीची टाकी पुढच्या बैठकीखाली असे आणि पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनाकडे वाहत जाई. पेट्रोल थोडं आणि चढण उभी असली, की इंजिन टाकीच्या वर जाई आणि पेट्रोल मागेच राही. गाडी उलटी केली की टाकी वर. हे सगळे ड्रायव्हर जाणत आणि वेळ पडली तर करीत. धाकूही आधी तेवढंच करी; दर चढणीचं वेड नंतरचं.

टाकीत किती आहे ते बांबूची काठी घालून पाहत. त्यासाठी पुढच्या उतारूला उठवावं लागे. एकदा एक वकीलसाहेब उठेनात. त्यांची प्रतिष्ठा त्याच बैठकीवर होती. तेव्हा मालक आत्मारामशेठनी मुंबईहून पेट्रोल दाखवणारा काटा मागवला आणि काठी चुलीत गेली. काटा निघाला दुसऱ्या गाडीचा, खोल टाकीचा. धाकूची टाकी उथळ आणि पसरट. त्यामुळे काट्याला जोडलेलं तरंगतं बूच तळाला टेकलं तरी काटा अर्ध्यावरच राही. हे मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की अर्ध्यावर आलेला काटा खाली म्हणून उतरत नाही.

शेठ खूष. "धाकू, काटा बसवल्यापासून गाडी पेट्रोल कमी पिते बघ."

धाकूलाही पटलं. उतारूंच्या शिव्या तर वाचल्याच होत्या.

त्याच आठवड्यात हातखंब्याजवळच्या एका वाडीतून बोलावणं आलं. तिथल्या दत्ताराम नावाच्या तरण्या पोराला फुरसं चावलं होतं. आधी झाडपाला झाला, मग मंत्र झाले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मोटर आठवली. शहरात, सरकारी इस्पितळात, विषावरची सुई मिळण्याची आशा होती. दत्ताराम मागे आडवा, डोकं आई यमुनाबाईच्या मांडीवर. पुढे त्याचा भाऊ गंगाराम.

चढणीच्या मध्यावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. काटा अर्ध्यावर. धाकूने गंगारामला उठवलं आणि करवंदीची एक काटकी टाकीत घातली. टोक जेमतेम ओलं झालं.

"पेट्रोल तळाला गेलंय," तो म्हणाला. "गाडी खाली घेतो नि फिरवतो. उलटी चढेल."

"फिरवायची नाय," यमुनाबाई म्हणाली.

"काकी, दुसरा इलाज नाय."

"अर्ध्या वाटेत फिरवतात ती तिरडी. विसाव्यावर. माझा पोरगा जिता आहे."

दत्ताराम डोळे मिटूनच म्हणाला, "आये, तिरडीवरचा बोलतो काय? फिरवू दे त्याला."

"तू गप पड."

गंगारामने आईकडे पाहिलं, मग धाकूकडे. "मी पेट्रोलचा डबा घेऊन येतो," तो म्हणाला आणि शहराच्या वाटेने धावत सुटला.

धाकूला ब्रेक सोडायचा तेवढा अवकाश होता. पण तो पूर्वी गलबतावर होता. नारळ दिल्याशिवाय समुद्रात शिरणाऱ्यांतला नव्हता. म्हातारीचं बोलणं त्याला खुळचट वाटलं असतं तर बरं झालं असतं. त्याला ते बरोबर वाटलं. त्याने चाकांमागे जांभे दगड लावले आणि तो उन्हात उभा राहिला. दत्ताराम मधूनमधून पाणी मागत होता. पुढे मागेनासा झाला.

गंगाराम कुणाच्या तरी बैलगाडीतून डबा घेऊन आला, तोवर आईच्या मांडीवर फक्त ओझं उरलं होतं. तरी धाकूने पेट्रोल ओतलं. ओतायला आणलं होतं म्हणून. काटा हलला आणि अगदी प्रामाणिकपणे वर चढला.

धाकू स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसून राहिला. गाडीचं तोंड अजून शहराकडेच होतं. कुठे जायचं हे विचारायची त्याची छाती होईना.

यमुनाबाईने पदराने दत्तारामच्या ओठांवरचं रक्त पुसलं.

"आता फिरव," ती म्हणाली.