गावात येणारी निरोपाची मिरवणूक

शनिवारी भर दुपारी क्लेटन वेसल अग्निशमन दलाच्या लाल बंबावर उभा होता, आणि आपण निघालो आहोत की परत आलो आहोत, हे त्याला काही केल्या उमगत नव्हतं.

बंबाचं तोंड गावाकडे होतं. नदीवरच्या पुलापासून घंटा बडवत तो कोल्टर्स मिल या गावात शिरत होता. रस्त्याच्या दुतर्फा गाव लोटलं होतं आणि "नीट जा रे बाबा!", "मोठा झालास की विसरू नकोस!" असं ओरडत होतं. म्हणजे गाडी त्याला गावात आणत होती आणि माणसं त्याला गावाबाहेर धाडत होती. मधल्या मध्ये सव्वासहा फुटांचा क्लेटन, एका हाताने शिडी धरून, दुसरा हात हलवत, चेहऱ्यावर हसू चिकटवून उभा. पडदा वर जावा, दिवे लागावेत, समोर तुडुंब प्रेक्षक असावेत, आणि आज कोणतं नाटक आहे हेच नटाला कुणी सांगितलेलं नसावं, तशी त्याची गत झाली होती.

त्यात भर म्हणजे, जायचं की नाही हे त्याचं अजून ठरलंच नव्हतं.

तीन वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल संघातून खेळल्यावर त्याने व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी नाव दिलं होतं. नाव द्यायचं, चाचण्या द्यायच्या, आणि मन बदललं तर ठरलेल्या मुदतीत नाव मागे घ्यायचं, अशी सोय असते. त्याची मुदत होती येत्या बुधवारी संध्याकाळी पाचची. पाचच्या आत नाव मागे घेतलं तर कॉलेजमधलं चौथं, शेवटचं वर्ष त्याचं. पाच वाजून गेले की ते दार कायमचं बंद. मग एखादा संघ निवडो, नाहीतर एकही न निवडो.

आणि आज होता शनिवार.

दक्षिण इंडियानातल्या या गावात माणसं जितकी राहतात त्यापेक्षा हायस्कूलच्या जिममधल्या कोर्टभोवती खुर्च्या जास्त आहेत. क्लेटन त्या खुर्च्यांसमोर मोठा झाला. त्याची आई लोर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. वडील तो पाच वर्षांचा असतानाच टेनेसीला निघून गेले आणि तिकडेच राहिले. गोठ्याच्या भिंतीवर मामाने, म्हणजे अंकल रूबेनने, एक रिंग ठोकून दिली होती. जानेवारीत क्लेटन फावड्याने तिथला बर्फ बाजूला करायचा आणि हातमोज्यांची बोटं कापून खेळायचा.

हे पोर मोठं अजब होतं. कोर्टवर बॉल हातात आला की अर्ध्या श्वासात ठरवायचं, याला द्यायचा, त्याला नाही, आणि बॉल तिथे पोचलेलाही असायचा. पण कोर्टबाहेर? हॉटेलात गेलं की आधीच्या माणसाने जे मागवलं तेच मागवायचं. एकदा आईच्या वाढदिवसाला जेवायला नेलं, आणि तिने तळलेलं यकृत मागवलं म्हणून यानेही मागवलं. त्याला यकृताचा वाससुद्धा सहन होत नाही. बिचाऱ्याने सगळं संपवलं.

मे महिन्यात दोन शहरांत चाचण्या झाल्या. दोन्हीकडे प्रशिक्षक प्रेमाने बोलले. दोन्हीकडे त्याला सांगण्यात आलं की बॉल दुसरा कुणीतरी आणेल, तू लांब उभा राहा, आला तर नेम धर. तो उभा राहिला, आणि नेमही चांगला बसला. "आवडलास आम्हाला," असं एक गृहस्थ म्हणाले. त्याचा एजंट ब्रँट शिकागोहून फोनवर म्हणाला, "झालंच समज!" मग लगेच, "म्हणजे जवळजवळ." मग जरा थांबून, "बघू."

या तीन वाक्यांतलं पहिलंच तेवढं कोल्टर्स मिलपर्यंत पोचलं.

अंकल रूबेन हा गावच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख. त्याने जाहीर करून टाकलं की पोराला बंबावरून निरोप द्यायचा. "शनिवारीच देऊ. सोमवारी बंब तपासणीला जातो, तो दोन आठवडे काही परत येत नाही."

अडचण काढली ती म्हाताऱ्या ऑर्व्हलने. तीस वर्षं बंब त्यानेच चालवला होता. "रूबेन, हा बंब माणसांना घेऊन येतो. घेऊन जात नाही."

ते खरं होतं. संघ जिंकून आला की बंब पुलापर्यंत सामोरा जायचा, पोरांना वर चढवायचा आणि वाजतगाजत चौकात आणायचा. गावाबाहेर त्याने आजवर कुणालाही नेलं नव्हतं.

"मग उलटा चालव," रूबेन म्हणाला.

"मागे मागे? दीड मैल? चौकात तुझ्या बायकोची गाडी नेहमी वाकडी लावलेली असते. तिला धडकलो तर पहिली आग तुझ्याच घरात लागेल."

बरीच खलबतं झाली. शेवटी रीत मोडायची नाही असं ठरलं. क्लेटनला आईच्या गाडीतून गुपचूप पुलापर्यंत न्यायचं, तिथे बंबावर चढवायचं, आणि निरोप देत देत गावात आणायचं. यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटलं नाही. क्लेटनला वाटलं, पण तोवर घंटा सुरू झाली होती.

चौकात बंब थांबला. दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मिसेस हफनेगल रुमाल हलवत पुढे आल्या आणि त्याला घट्ट मिठी मारून म्हणाल्या, "आलास रे राजा! अगं बाई, नाही, चाललास!" आणि रडायला लागल्या. त्यांना उगी उगी करता करता क्लेटनच म्हणाला, "असू दे, मॅम. दोन्ही चालेल."

मग चर्चच्या हॉलमध्ये जेवण. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला. कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या रश्शातल्या शेवया, चार घरच्या चार तऱ्हेच्या. शेवटच्या टेबलावर साखर-सायीचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ आणि पर्सिमन या फळाचं पुडिंग. क्लेटन रांगेत ऑर्व्हलच्या मागे होता. ऑर्व्हलने पुडिंग घेतलं, यानेही घेतलं.

"कुठलं शहर मिळणार रे?" एकाने विचारलं.

"अजून तसं..."

"गरम हवेचं माग!"

"मागता येत नाही, ते..."

"बघा, किती नम्र पोर आहे!" रूबेनने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की पुडिंग ताटातून उडालं.

संध्याकाळी घरी लोर्ना भांडी घासत होती आणि क्लेटन पुसत होता.

"सांगितलंस का कुणाला, अजून ठरलं नाही म्हणून?"

"कुणी विचारलंच नाही, मॉम."

"मी विचारतेय."

त्याने एक ताट बराच वेळ पुसलं. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की ते ताट आता कोरडं झालंय," असं म्हणून तिने नळ बंद केला.

मंगळवारी सकाळी सहाला तो हायस्कूलच्या जिममध्ये गेला. तिथे कामावर जाण्याआधी गावातले पोक्त गडी खेळतात. पोट सुटलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. त्या दिवशी दहा जण होते, क्लेटन अकरावा.

"आता?" पोस्टमन हर्शलने डोकं खाजवलं. "असं कर, बॉल ज्या बाजूकडे असेल त्या बाजूने खेळ."

तासभर तो दोन्ही बाजूंनी खेळला. हर्शल धापा टाकत रिंगखाली पळायचा आणि वर बघायच्या आत बॉल त्याच्या हातात पडलेला असायचा. दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर होता, त्याचंही तेच. हर्शलने आयुष्यात एवढे गुण केले नव्हते. तो पोरासारखा नाचत सुटला. "मी कुठे असणार हे तुला कसं कळतं रे? मला स्वतःलाच माहीत नसतं!"

क्लेटन हसला. कितीतरी आठवड्यांनी बॉल त्याच्या हातात इतका वेळ राहिला होता. मजा आली, एवढं त्याला कळलं. पण मजा म्हणजे उत्तर का? डॉक्टरबरोबर खेळून मजा आली म्हणून आयुष्याचा निर्णय घेतो का कुणी? कोण जिंकलं तेही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. जिममधून तो आला होता त्याहून जास्त गोंधळून बाहेर पडला.

बुधवारी चार वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. नाव मागे घेण्याचं पत्र लिहून तयार होतं. फक्त पाठवायचं बाकी. चार वाजून दहा मिनिटांनी ब्रँटचा फोन आला.

"एक संघ तयार आहे! शेवटी शेवटी, पण घेतील. बहुतेक. तू फक्त गप्प बस आणि पाच वाजू दे."

"खेळायला मिळेल?"

"मिळेल की. आधी दोन वर्षं त्यांच्या खालच्या संघात. लांब उभं राहायचं, नेम धरायचा. बॉल आणायला त्यांच्याकडे माणसं आहेत."

"आणि नाहीच घेतलं तर?"

"तर परदेशात. तुर्कस्तान आवडतं का तुला?"

तुर्कस्तान आवडतं की नाही यावर आपण कधी विचारच केलेला नाही, हे क्लेटनच्या लक्षात आलं आणि त्याला उगीच अपराधी वाटलं.

फोन ठेवतो न ठेवतो तोच कॉलेजचे कोच हॅडली. त्यांचा आवाज कायम घोगरा, जणू नुकताच सामना संपलाय.

"हे बघ, तुला फसवायचं नाही म्हणून सांगतो. तू चाललास असं धरून मी टोलेडोहून एक पोरगा घेतलाय. तुझ्याच जागेवर खेळतो. चांगला आहे. परत आलास तर जागा राखून ठेवलेली नाही. झगडावं लागेल."

"बरं, कोच."

"बरं म्हणजे येतोस की नाही?"

"बरं म्हणजे ऐकलं."

कोचनी एक उसासा टाकला. "तीन वर्षं झाली, तुझं बरं म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही."

साडेचार झाले. क्लेटनने आईकडे पाहिलं. ती गॅसपाशी कांदा परतत होती. तिने त्याची नजर ओळखली, गॅस बंद केला, हात पुसले, आणि दार उघडून सरळ अंगणात गेली. कपड्यांच्या दोरीपाशी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. दोरीवर एकही कपडा नव्हता.

आता त्याच्या आधी मागवणारं कुणी नव्हतं.

तो तसाच बसून राहिला. जाण्याची कारणं त्याने मोजली, चांगली भरली. राहण्याची मोजली, तीही चांगली भरली. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी त्याचं बोट पुढे झालं आणि पत्र गेलं. कुठल्या कारणाने ते त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं. बोटाला ठाऊक असेल तर असेल.

तो अंगणात आला.

"परत जातोय, मॉम. कॉलेजला."

लोर्ना वळली. डोळे लाल झालेले, कांद्याने म्हणावं तर कांदा आत होता. "बरं झालं," ती म्हणाली. आणि पुढच्याच श्वासाला, "बरं झालं ना रे?"

"माहीत नाही."

"रूबेनला तूच सांग. मी नाही सांगणार."

रूबेनला फोन केला. त्याने बातमी सांगितली.

"अख्ख्या गावाने तुला निरोप दिला," रूबेन म्हणाला. "हफनेगलबाई अजून रडतायत. आता मी चौकात तोंड कसं दाखवू?"

"सॉरी, अंकल रूबेन."

"शनिवारी बंबावरच का नाही बोललास?"

"घंटा वाजत होती."

रूबेन हसला नाही. "कारण काय सांगू लोकांना?"

"शिक्षण पूर्ण करायचंय म्हणून सांग."

"ते खरंय?"

"खोटं नाही."

रूबेनने तिथेच फोन ठेवून दिला. हा घाव क्लेटनला लागला. मामा त्याच्यावर रागावण्याची ही पहिलीच वेळ होती.

जूनच्या पहिल्या सोमवारी, दीड तास गाडी हाकून, क्लेटन कॉलेजच्या जिममध्ये पोचला. सकाळचे सात वाजले होते. कोर्टवर एकच पोरगा होता. आखूड बांध्याचा, चपळ, बॉल असा थापटत होता की जणू तो त्याच्या हाताला दोऱ्याने बांधलाय. क्लेटनला बघून थांबला.

"तू क्लेटन वेसल."

"हो. तू टोलेडोचा?"

"जेरेल ओडम." त्याने बॉल काखेत धरला. "तू गेला होतास ना?"

"नाव दिलं होतं. मागे घेतलं."

"बुधवारी, माहितीये. मी मंगळवारी इथल्या करारावर सही केली." जेरेलच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अवघड होतं. "तीन कॉलेजं मला बोलवत होती. तू चाललास म्हणून मी हे घेतलं. माझी आई तर म्हणाली, तो पोरगा कुठला परत येतोय, त्याच्या गावाने मिरवणूकसुद्धा काढली. कुणीतरी फोटो टाकले होते."

मुक्काम कुठे, मन कुठे, मामा, आई, तुर्कस्तान, सगळ्यांचा विचार क्लेटनने केला होता. टोलेडोतल्या एका स्वयंपाकघरात आणखी एक पोरगा, आणखी एक आई आपल्याकडे बघून काही ठरवत असतील, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं तू येतोयस," तो म्हणाला.

"मला तरी कुठे माहीत होतं तू येतोयस?"

जेरेलने बॉल एकदा जमिनीवर आपटून परत काखेत धरला.

"परत का आलास मग?" जेरेलने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गेल्या आठवड्यात क्लेटनने या प्रश्नाला सात-आठ उत्तरं दिली होती. पदवी. आई. कोच. गुडघा. एकदा तर हवामान. त्यातलं एखादं काढायला तो गेला, पण या पोरासमोर त्यातलं एकही देण्याची त्याला लाज वाटली.

"बॉल हातात हवा होता, असं वाटतं," तो सावकाश म्हणाला. "पण नक्की नाही."

जेरेलने काखेतल्या बॉलकडे पाहिलं. "तो तर मलाही हवाय."

"हो," क्लेटन म्हणाला. "ते दिसतंय."

आतल्या दारातून कोच हॅडली आले. गळ्यातली शिटी तोंडात धरून त्यांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि शिटी न वाजवता तशीच धरून ते क्षणभर उभे राहिले. सुरुवात कुणापासून करायची हे त्यांचंही ठरलेलं दिसत नव्हतं.