पांढरे ठिपके

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मारुतराव जगदाळ्यांनी सातव्यांदा चावी फिरवली. सेल्फने इंजिन जोमात फिरवलं, बॅटरीत दम होता, पण इंजिन चालू झालं नाही. नळीतून पांढरा धूर आला, कच्च्या डिझेलचा वास आला आणि पुन्हा सगळं शांत झालं. सेल्फ थंड व्हायला दोन मिनिटं द्यावी लागतात. ती त्यांनी घड्याळ बघून दिली.

नोएडातल्या एका सोसायटीच्या तळघरातली ही पंपाची खोली. वर चार टॉवर, चारशे बारा फ्लॅट. आग लागली आणि वीजही गेली, तर गच्चीपर्यंत पाणी चढवणारं हे एकच इंजिन. गेले चार आठवडे ते बंद आहे. नोव्हेंबरात त्याच्या एका सिलिंडरने तेल खायला सुरुवात केली, म्हणून डिसेंबरात ते पूर्ण खोललं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. जोडून झालं ते काल संध्याकाळी. खोललं दोघांनी होतं. जोडून संपवलं एकट्याने.

दुसरे होते दिलीप सणस. मारुतराव कोरेगावचे, दिलीप भोरचा. लष्कराच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती दलात दोघं एकाच वर्षी भरती झाले, दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या बाकांवर उभे राहिले आणि हवालदार म्हणून तीन महिन्यांच्या अंतराने निवृत्त झाले. गावी कोणीच गेलं नाही. मारुतरावांनी पालमला घर केलं, दिलीपने फरिदाबादला. गेली सतरा वर्षं दोघं मिळून डिझेल इंजिनं दुरुस्त करत होते. रुग्णालयांचे जनरेटर, सोसायट्यांचे पंप, एखाद्या कारखान्याचा काँप्रेसर.

वर्कशॉपची एक सवय त्यांनी सोडली नव्हती. ज्याने बोल्ट कसला, त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. मारुतरावांचा पिवळा, दिलीपचा पांढरा. शिवाय एक लांबट वही, त्यात दोन रकाने: जोडणी आणि तपासणी. एकाने जोडलेलं दुसऱ्याने तपासायचं आणि मग झाकण लावायचं. निदान नियम तसा होता. प्रत्यक्षात किती वर्षांपूर्वी तो मोडला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. एकमेकांचं काम उघडून बघणं हळूहळू उद्धटपणाचं वाटू लागलं होतं. झाकण लावून झाल्यावर चहा पिताना सही व्हायची.

"मारुतराव, माझा ठिपका उघडायचा असेल तर आधी लेखी अर्ज द्या," दिलीप म्हणायचा.

"अर्ज मंजूर कोण करणार?"

"मीच. आणि नामंजूरही मीच."

शुक्रवारी, १९ डिसेंबरला दिलीपने या इंजिनाचं पुढचं झाकण बंद केलं. टायमिंगचे गिअर त्या झाकणामागे असतात. रविवारी पहाटे तो घरी छातीत कळ येऊन गेला. वय एकोणसाठ. तेरावा झाल्यावर मारुतराव परत आले, तेव्हा झाकणाचे सगळे बोल्ट पांढऱ्या ठिपक्यांनी त्यांच्याकडे बघत होते.

आज सकाळपासून त्यांनी स्वतःचं काम तपासलं. डिझेलच्या लाइनीतली हवा पुन्हा काढली. फिल्टरपाशी, पंपापाशी, मग प्रत्येक नोझलपाशी नट ढिला करून. बुडबुडे संपून सरळ धार येईपर्यंत. चारही नोझल काढून फवारा पाहिला. टॅपेटची फट पत्तीने मोजली. कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर ठणठणीत. पिवळे ठिपके एकेक करून संपत आले.

पांढरा धूर म्हणजे काय, हे ते तीस वर्षं इतरांना शिकवत आले होते. डिझेल आत पोचतंय, पण वेळेवर जळत नाही. वेळ ठरते टायमिंगने. आणि टायमिंग पांढऱ्या ठिपक्यांच्या मागे होतं. म्हणून त्यांनी नोझल दुसऱ्यांदा काढले.

साडेअकराला सोसायटीचा व्यवस्थापक अंशुमन त्यागी जिना उतरून आला.

"अंकल, आज हो जाएगा ना? फायरवाले परसों आ रहे हैं."

"हो जाएगा."

"पिछले हफ्ते भी यही बोला था आपने."

"पिछले हफ्ते इंजन पूरा जुड़ा नहीं था. आज जुड़ा हुआ है और नहीं चल रहा. फर्क है."

अंशुमन हसला. "आप फौजी लोग ना... दूसरे अंकल होते तो अब तक मुझे चाय पिलाकर भगा देते."

"हाँ," मारुतराव म्हणाले. "वो चाय अच्छी बनाता था."

एक वाजता रसिका आली. दिलीपची मुलगी, वय सव्वीस. तिचं ऑफिस इथून मेट्रोची दोन स्टेशनं लांब. हातात डबा होता. दिलीपच्या बायकोने, लतिकावहिनींनी पाठवला असणार, कारण रसिकाला पोळ्या जमत नाहीत.

"काका, अजून स्टार्ट नाही झालं? आई सकाळपासून तीनदा विचारून झाली. ती म्हणते, बाबांचं शेवटचं इंजिन आहे, चालू झालं की मला ऐकव."

"होईल संध्याकाळपर्यंत."

"बाबा असते तर तुम्हाला खूप पिडलं असतं यार." ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. दिलीप त्याच बादलीवर बसायचा. "म्हणाले असते, मारुतराव, कुठे काशी केलीत?"

मारुतराव हात पुसत हसले. डबा उघडला. मेथीची भाजी, पोळ्या, लिंबाचं लोणचं.

रसिका झाकणाकडे बघत होती. "हे पांढरे बाबांचे ना? इतके मोठे मोठे! आधी बारीक द्यायचे. डोळ्यांमुळे असेल."

"डोळ्यांमुळे?"

"हो ना. शुगरमुळे ते, क्या कहते हैं, डोळ्याच्या मागचा पडदा... तो खराब झाला होता. मेमध्ये डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, लगेच. ते म्हणाले, बाद में. सरोजिनी नगरच्या फुटपाथवरून तीन चष्मे आणले, एकाने पण दिसायचं नाही. आई किती भांडली, काम बंद करा म्हणून. ते एकच म्हणायचे." तिने बापाचा आवाज काढला, आणि तो बराचसा जमला. "'मी जोडतो, मारुतराव तपासतो. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय काही पुढे जात नाही.' मग आई गप्प बसायची. तुम्हाला माहीत होतं ना काका? ते म्हणाले होते, मारुतरावला सांगितलंय."

मारुतरावांच्या हातात पोळीचा तुकडा होता. तो त्यांनी डब्यात परत ठेवला.

"हो," ते म्हणाले. "बघायचो मी."

"तेच. आई म्हणते, तुम्ही होतात म्हणून ते शेवटपर्यंत काम करू शकले."

ती दीडला गेली. डबा संध्याकाळी घरी पोचवते असं म्हणाली. मारुतराव म्हणाले, राहू दे, मी आणून देईन.

मग ते त्या बादलीवर बसले. आठवायला फार काही लागलं नाही, सगळं समोरच होतं. मायक्रोमीटर हातात घेऊन दिलीप म्हणायचा, "तू वाच, मी लिहितो." पावसाळ्यानंतर म्हणू लागला, "वाच पण तूच, लिही पण तूच, तुझं अक्षर चांगलं आहे." मारुतरावांचं अक्षर कधीच चांगलं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्याने स्कूटर विकली; म्हणाला, मेट्रोत बसायला मिळतं. मागच्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला गेली होती. फलक मोठ्याने वाचून दाखवायचा मान दरवर्षी दिलीपचा. त्या वेळी त्याने कोणा कॉलेजच्या मुलीला पुढे केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि गिअरवरची खूण शोधताना तो वाकून बघत नसे; अंगठ्याचं नख दातांवरून फिरवत जाई. "डोळे फसवतात मारुतराव, नख फसवत नाही." मारुतरावांना ती कारागिरी वाटली होती. दोन ठिकाणी त्यांनी ती कौतुकाने सांगितलीही होती.

दोन वाजता त्यांनी पाना घेतला आणि पहिल्या पांढऱ्या ठिपक्याच्या बोल्टला लावला.

पट्टा काढला, पुढची पुली काढली, झाकणाचे चौदा बोल्ट काढून ओळीने फडक्यावर मांडले. झाकण सुटायला वेळ लागला. दिलीपने गॅस्केट नीट चिकटवलं होतं. टॉर्च आत धरला.

खूण साधी असते. मधल्या गिअरच्या दोन दातांवर कारखान्याने ठोकलेला एकेक बारीक टिंब असतं, आणि सिलिंडरांत डिझेल सोडणाऱ्या पंपाच्या गिअरच्या एका दातावर एक. त्या दोनांच्या मधोमध हा एक बसला की टायमिंग बरोबर. मारुतरावांनी क्रँक हाताने फिरवत खुणा समोरासमोर आणल्या. दिलीपने तिन्ही दात पांढऱ्या रंगाने माखले होते, नुसते ठिपके नव्हते, बोटाएवढे डाग होते. आणि ते अगदी जिथे हवेत तिथे बसले होते. दोनांच्या मधोमध एक.

त्यांनी पंपाच्या दातावरचा रंग डिझेलच्या फडक्याने पुसला. खाली टिंब नव्हतं. एक टवका होता, पूर्वी कधीतरी कोणाच्या छिन्नीचा निसटता घाव बसलेला. कारखान्याचं टिंब शेजारच्या दातावर होतं, स्वच्छ, कोरडं, रंगाचा स्पर्शही न झालेलं. टॉर्चच्या उजेडात हातभरावरून दिसत होतं.

मारुतरावांनी त्या टवक्यावरून स्वतःचं नख फिरवलं. खळगा जाणवला. मग टिंबावरून फिरवलं. बोटाला दोन्हींत फारसा फरक नव्हता.

एक दात. कोणीही डोळस माणूस झाकण लावण्याआधी एकदा वाकला असता, तरी पुरलं असतं. वाकणाऱ्याच्या रकान्यात नाव मारुती जगदाळे असं होतं.

पंपाचा गिअर त्यांनी सोडवला, एक दात सरकवून बसवला, बोल्ट ठरलेल्या जोराने कसले. मग झाकण लावण्याआधी त्यांनी जे केलं, ते कित्येक वर्षांत केलं नव्हतं. बाजूला झाले, हात धुतले, परत आले आणि दुसऱ्याने केलेलं काम असावं तसं सगळं पुन्हा पाहिलं. क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत तपासल्या. नवं गॅस्केट, झाकण, पुली, पट्टा. प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका दिला. आधीचा पांढरा तिथे होताच. त्यांनी तो खरवडला नाही. पिवळा त्याच्या शेजारी बसवला.

पाच वाजून अठरा मिनिटांनी इंजिन पहिल्याच फेऱ्यात चालू झालं. क्षणभर काळा धूर, मग स्वच्छ. आवाज सम होता. अंशुमन वरून धावत आला, दारातच अंगठा दाखवला आणि फोन कानाला लावून परत वर गेला.

मारुतरावांनी फरिदाबादला फोन लावला.

"वहिनी, ऐका." त्यांनी फोन इंजिनाकडे धरला. मनात विसापर्यंत मोजून कानाला लावला.

"ह्यांचं आहे ना हे, भावजी?" लतिकावहिनींनी विचारलं.

"हो."

"मग इतके दिवस का अडलं होतं?"

"हवा अडकली होती लाइनीत."

"एवढंच?"

"एवढंच."

"मला उगीच वाटत होतं... डोळ्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. रात्रभर मनात येत होतं, ह्यांच्याच हातून काही राहिलं की काय. पण तुम्ही तपासलेलं म्हणजे प्रश्नच नाही. जेवलात का? भाजी खारट झाली होती."

"चांगली होती," मारुतराव म्हणाले. डबा अर्धा भरलेला होता.

फोन ठेवून त्यांनी वही काढली. १९ डिसेंबरचं पान. जोडणी, टायमिंग: दिलीप सणस. सही ओळीच्या वर चढलेली, शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलेलं. तपासणी: मारुती जगदाळे, नेटकी, घाईची सही. ते पान त्यांनी खोडलं नाही. आजच्या तारखेखाली लिहिलं: 'टायमिंग एक दात मागे होतं. १९ डिसेंबरला तपासणी झालेली नव्हती, सही खोटी आहे. मा. जगदाळे.' अंशुमनला द्यायच्या अहवालातही तेच हिंदीत लिहिलं. दिलीपचं नाव कुठे लिहिलं नाही.

मग त्यांनी मे महिन्यापासूनची पानं उलटली. पांढऱ्या ठिपक्यांची आणखी अकरा इंजिनं निघाली. सगळी चालू होती. त्या-त्या वेळी पहिल्या फेऱ्यात चालू झाली होती. पण टायमिंग चुकलं तर इंजिन चालू न होऊन सांगतं, आतला एखादा बोल्ट ढिला राहिला तर सांगत नाही. अकराही ठिकाणी तपासणीच्या रकान्यात एकच सही होती. एका रुग्णालयाचा जनरेटर त्यात होता. पत्ते त्यांनी वेगळ्या कागदावर उतरवून घेतले, सुवाच्य अक्षरात, सावकाश, आणि रुग्णालयाचा पत्ता सगळ्यात वर ठेवला. तिथे फोन करून उद्याची वेळ घेतली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, तपासणी राहिलीय.

इंजिन बंद करून त्यांनी डिझेलची पातळी पाहिली, हत्यारं पुसली, डबा पिशवीत घातला.

उद्या मंगळवार. सकाळी सात वाजता हा पंप दहा मिनिटं चालवायचा आहे, आणि साडेनऊ वाजता रुग्णालयाच्या जनरेटरचं पुढचं झाकण उघडायचं आहे.