दार कुणी लावलं?

मला सावरलं ते पेन्सिलकाकांनी. काय घडलं ते मागून सांगते, नाव आधी घेते. सांगण्याच्या ओघात माणूस मागे राहून जातो, आणि आमच्या हॉटेलात तर आता त्यांचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

त्यांच्या उजव्या कानावर सदा एक पेन्सिल असायची. बसच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते, तिथली ती सवय. थंडीत ते लोकरीची कानटोपी घालत आणि त्या टोपीला पेन्सिलीपुरतं भोक पाडून, कडेनं काजासारखी शिवण घालून घेतली होती. मला वाटलं, कसर लागली. मी सांगितलंही, "काका, टोपी खाल्लीय हो किड्यानं." ते म्हणाले, "किडा नाही, मीच." ही आमची ओळख.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर होते. एक दिवस मालकानं शेडला टाळं ठोकलं आणि गल्लीत सगळे म्हणायला लागले, कामगार माजलेत. वडील समोरच्या कट्ट्यावर बसून राहायचे. माझी नववी तिथंच राहिली, मी दुसऱ्याच्या शेडात कांड्या भरायला लागले. दिवसभर सूत गुंडाळायचं, बोटं चिरायची. पुढं लग्न झालं, नवरा गेला, धाकट्या बहिणीनं अमेरिकेला बोलवायचे कागद घातले. ते कागद व्हायला इतकी वर्षं गेली, की तोवर माझा मुलगा मोठा झाला आणि कागदांच्या वयाच्या अटीत बसेना. मी बहिणीकडे आयसेलिनला आले, तो तिकडेच राहिला. त्याला आणायचं तर माझी पक्की नोकरी हवी, मालकाचं तसं पत्र हवं आणि मुलगा बिनलग्नाचा हवा. त्यामुळे ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात मी चपात्या लाटत होते आणि तिकडे मुलगा एकेक स्थळ परत पाठवत होता. नोकरी गेली असती तर त्याची आणखी किती वर्षं गेली असती, हा हिशोब मी लाटता लाटता करायची.

दुपारी तीन ते पाच हॉटेल रिकामं असायचं. कोपऱ्यातल्या टेबलाशी तिघं बसत. काका, नागपूरचा संदीप आणि स्वतः शेठ. संदीप कॉम्प्युटरवाला. घरूनच काम करायचा आणि 'मीटिंग आहे' म्हणून इथं येऊन बसायचा. तिघांना वेड बेसबॉलचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

काका मॅच बघत नसत, लिहीत. रेडिओ कानाशी आणि समोर चौकटीचौकटींची वही. प्रत्येक चेंडूची खूण. म्हणायचे, "डोळ्यांनी बघितलेलं रात्रीत पुसलं जातं. हातानं बघितलं की राहतं." वही म्हटली की मला घाम फुटायचा, शाळा सोडलेल्या माणसाला फुटतोच. त्यांनी ते ओळखलं. एकदा कामाच्या मधल्या वेळात वही पुढ्यात सरकवून म्हणाले, "कांड्या भरल्यास ना? मग हे त्याहून सोपं आहे. एक धागा सोडायचा नाही, बस." मला खुणा यायला लागल्या. मला सगळ्यात आवडली ती एक चाल. फलंदाज मुद्दाम चेंडूला नुसता स्पर्श करतो, स्वतः बाद होतो, पण त्याच्या टीमचा आधीच धावायला उभा असलेला गडी एक पाऊल पुढं सरकतो. काका सांगायचे, "ही खेळी त्याच्या नावावर मोजत नाहीत. त्याची सरासरी बिघडत नाही. खेळ बनवणाऱ्यांना अक्कल होती."

त्या हिवाळ्यात बेसबॉल बंद पडलं. खेळाडूंचा आणि टीमच्या मालकांचा करार संपला, नवा जमेना. दर वर्षी पहिल्या मॅचला हे तिघं शेठच्या व्हॅनमधून जात. या वर्षी ती मॅच होते की नाही, याचाच पत्ता नव्हता. मॅच नाही म्हटल्यावर तिघांना भांडायला भरपूर वेळ मिळाला.

"एकेक जण मिलियन मिलियन घेतो," शेठ म्हणायचे. "त्यांना अजून काय पाहिजे? माजलेत."

तो शब्द ऐकला की माझं लाटणं थांबायचं.

"बिलियनेअर विरुद्ध मिलियनेअर आहे हे, यार," संदीप म्हणायचा. "दोघंही जाऊ दे तिकडे. आपली ट्रिप कॅन्सल होते त्याचं बोला."

काका चहात साखर ढवळत राहायचे. मग विचारायचे, "आधी मला सांगा, दार कुणी लावलं?"

"संप आहे हो, काका!"

"संप म्हणजे खेळाडू घरी बसले. इथं ते बॅट घेऊन दाराशी उभे आहेत आणि आत सोडत नाहीत. दार कुणी लावलं?"

"दुकान ज्याचं, कुलूप त्याचं."

"बरं. तिकीट काढून तुम्ही कुणाला बघायला जाता, शेठ? मालक कधी बॅट घेऊन उतरलाय?"

संदीप हसला, तसे शेठ तापले. "तुम्ही आयुष्यभर पगार घेतलात, काका. दर पंधरवड्याला पगार द्यायचा असतो तेव्हा झोप कशी उडते, ते मला विचारा. मैदान बांधायला कर्ज कोण काढतं? बुडालं तर खेळाडू भरून देणार आहे?"

काकांनी कानावरची पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं. "हा मुद्दा खरा आहे. एक रन तुमचा."

"आणि माझा?" संदीपनं विचारलं.

"तू प्रेक्षक. प्रेक्षकाला रन नसतो."

असं रोज. मी पीठ मळत ऐकायची आणि मनातून शेठचीच बाजू घ्यायची. खरं सांगते. मालकाच्या विरुद्ध बोललं की काय होतं, ते मी लहानपणी बघितलं होतं.

जानेवारीत आमच्या तव्यावरचा धूर ओढणारा पंखा बिघडला. तव्याशी मी आणि मारिया, आम्ही दोघीच. मारिया इक्वाडोरची, हिंदी किचनमध्येच शिकलेली. धुरानं डोळे चुरचुरायचे, तिला खोकल्याची उबळ यायची. शेठ म्हणत, माणूस येतोय दुरुस्तीला. तीन आठवडे तो येतच होता. एका सकाळी मारियानं हात पुसले आणि सांगितलं, "शेठ, पहले पंखा. फिर रोटी." मी तिच्या शेजारी उभी होते. काही बोलले नाही, पण तव्याखालचा गॅसही पेटवला नाही. पेटवायचा होता, हातच हलला नाही.

शेठ म्हणाले, "मग उद्यापासून येऊच नका." दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला नवं कुलूप होतं. गिऱ्हाइकांना सांगितलं, बायकांनी संप केला.

मी काय केलं ते आता लिहिते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी पुढच्या दारानं आत गेले आणि शेठना म्हणाले, "मी काही बोलले नव्हते हो. सगळं तिचं होतं. मारियाचं."

शेठनी माझ्याकडे बघितलं. ते काही दुष्ट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "मग सुमनताई, तुम्ही या सोमवारपासून. तिला सांगू नका."

मी मान डोलावली. वळले तर कोपऱ्यात काका. आदल्या दिवशी विसरलेला रेडिओ न्यायला आले होते. वायर गुंडाळत होते, हळूहळू, एकेक वळसा.

मी बाहेर पडले आणि फुटपाथवर रडायला लागले. बर्फाचा चिखल झाला होता, बूट ओले. काका मागून आले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "सुमन, दार कुणी लावलं?"

"शेठनी."

"हं."

"पण चूक माझी झाली, काका. मी तिचं नाव घेतलं."

त्यांनी कोटातून वही काढली. एक जुनी मॅच उघडून एका चौकटीवर बोट ठेवलं. "हे बघ. इथं चेंडू सुटलाय. काय लिहिलंय?"

"चूक. पाच नंबर."

"नाव कुठंय?"

नव्हतं. चूक लिहितात ती जागेच्या नंबरानं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"त्या जागी जो उभा राहील, त्याच्या हातून कधीतरी सुटतोच. जागाच तशी असते, फार जवळून आणि फार जोरात येतो चेंडू. सुटला. आता पुढचा येतोय, तो बघ."

मी मारियाला फोन केला. मी काय बोलले होते ते सांगितलं आणि तीनला हॉटेलसमोर ये म्हटलं. तिला खोकल्याची उबळ आली. मग म्हणाली, "तीन बजे आती हूँ."

तीन वाजता काका नेहमीसारखे हॉटेलात शिरले. शेठनी चहा सांगितला. काका उभेच. "आज चहा नको, शेठ. ज्या लाटतात त्या बाहेर आहेत. मी आत कसा बसू?" आणि बाहेर येऊन हॉटेलसमोरच्या बाकावर बसले. मांडीवर वही, बाजूला घरून आणलेला थर्मास. कानटोपीतून पेन्सिल बाहेर. वय शहात्तर. एका बाजूला मी, एका बाजूला मारिया.

पाच दिवस, रोज तीन ते पाच. ना घोषणा ना पाटी. ओळखीचं कुणी आलं की काका इतकंच म्हणायचे, "जा, आत जा, जेवा. फक्त चपाती कुणी लाटली ते विचारा." चपात्या फ्रोझन होत्या. दुसऱ्या दिवशी संदीप जेवून बाहेर आला. "काका, यार, ती पोळी आहे की फाइल फोल्डर? आत या ना, न्यूमोनिया होईल."

"तुझं अजून 'दोघंही जाऊ दे तिकडे' असंच का?"

संदीप लाजला. थोडा वेळ चुळबुळत उभा राहिला, मग मारियाला म्हणाला, "थोडं सरका." लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. त्याच्या मीटिंगमध्ये आमच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू जात होते. काका हळूच म्हणाले, "आता आलास टीममध्ये."

सहाव्या दिवशी पंखेवाल्याची गाडी आली. शेठनी स्वतः मागचं कुलूप काढलं आणि आम्हा दोघींना आत घेतलं. एक शब्द बोलले नाहीत. पुढं माझ्या नोकरीचं पत्रही त्यांनी दिलं, चांगलं दिलं. हेही लिहायला हवं.

पण काकांना ते म्हणाले. काका आत आले तेव्हा, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. "वीस वर्षं या टेबलावर बसलात. भावासारखं मानलं. आणि माझ्याच दारात माझ्याविरुद्ध बसलात?"

मी खिडकीतून बघत होते. काका म्हणाले, "हाही मुद्दा खरा आहे, शेठ." आणि गेले. पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्यात मिठाईचं काचेचं कपाट आलं.

थंडी सरता सरता खेळाडूंचा आणि मालकांचा करार झाला. पहिल्या मॅचला व्हॅन गेली, त्यात शेठ आणि संदीप. काकांना कुणी विचारलं नाही. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी थालीपीठं घेऊन त्यांच्या घरी गेले. रेडिओ चालू होता, ते लिहीत होते. मी म्हणाले, "काका, माझ्यापायी तुमचं टेबल गेलं."

त्यांनी वर न बघता वहीवर पेन्सिल टेकवली. "मुलाच्या कागदांचं काय झालं?"

"पत्र मिळालं. पाठवले."

"मग एक पाऊल पुढं सरकलं ना?" बस एवढंच. पुन्हा रेडिओकडे कान. मला समजायला क्षण लागला, की ते कुठली चाल सांगत होते.

नंतर त्यांची नजर गेली. पूर्ण नाही, मधलीच. समोरचा माणूस कडेनं दिसतो, चेहरा दिसत नाही. चौकटी तर दिसतच नाहीत. लेक येऊन त्यांना दूर तिच्या गावी, शुगर लँडला घेऊन गेली. जाताना काकांनी सगळ्या वह्या माझ्याकडे दिल्या, उरलेल्या तीन कोऱ्यासुद्धा. बहिणीच्या तळघरात माझ्या कॉटखाली आहेत.

आता दर रविवारी मी मॅच लिहिते आणि फोनवर काकांना वाचून दाखवते. नववी नापाससुद्धा न झालेली, अर्ध्यात सुटलेली मी. ते मधेच थांबवतात, "सहाव्या डावात डावीकडचा गडी कुठं होता? ते नाही सांगितलंस. धागा सुटला." मी मागं जाऊन शोधते. बहुतेक वेळा सुटलेला असतोच. फोन ठेवताना विचारतात, कागद कुठवर आले. मी म्हणते, येतायत. पाय दुखत असतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तवा असतो, पण तेवढं विचारणारं माणूस या देशात एकच आहे.

काका, माझा मुलगा येईल तेव्हा मी त्याला विमानतळावरून बहिणीच्या घरी नेणार नाही. आधी शुगर लँडला आणीन. तुमचा एक हात तो धरेल, एक मी, आणि आपण तिघं खऱ्या मैदानात जाऊन बसू. पेन्सिल तुमच्या कानावरच राहू दे, मी माझी आणीन. तुम्ही चहा प्या. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत मी लिहीन आणि तुमच्या कानाशी सांगेन. एकही धागा सोडणार नाही.